मोशीचा पूल ओलांडताना

इंद्रायणीचा पूल आला की बसमधले निम्मे मास्क हनुवटीवर यायचे. कुणी कुणाला सांगितलेलं नसायचं. मोशीपर्यंत नाकावर असलेलं कापड पुलाच्या मध्यावर खाली सरकायचं, खिडक्या उघडायच्या, मागच्या सीटवरचा एखादा तंबाखू मळायला घ्यायचा. संध्याकाळी याच्या उलट. चिंबळी मागे पडली, बस पुलाला लागली की हात आपोआप वर जायचे. मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, हातात टेंपरेचर गन घेऊन, वळून वळून हे पाहत असे. मे २०२० पासून एप्रिल २०२२ पर्यंत, मधले बंदचे दिवस सोडले तर जवळजवळ दोन वर्षं.

मी चाकणजवळच्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. त्याआधी भोसरी एमआयडीसीत होतो. सगळी मिळून १९ वर्षं. हेल्मेट घाला, गॉगल घाला, कानात प्लग घाला, हे सांगण्यात माझं आयुष्य गेलं. ग्राइंडिंगला आमच्याकडे एक मामा आहेत. बीड जिल्ह्यातून तरुणपणी आलेले, आता साठीला टेकलेले. त्यांनी धुळीचा मास्क लावावा म्हणून मी कितीतरी वर्षं त्यांच्या मागे होतो. ते हसायचे, मास्क गळ्यात अडकवायचे, मी पाठ फिरवली की काढून ठेवायचे. तरीही महामारी आली तेव्हा मॅनेजमेंटला वाटलं की लोकांकडून तोंड झाकून घेणं हे माझ्या हातचं काम आहे. मलाही तसंच वाटलं.

पुलाची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण ती बाहेरच्या माणसाला कळत नाही. अलीकडे पिंपरी-चिंचवड महापालिका. पलीकडे खेड तालुका: चिंबळी, कुरुळी या ग्रामपंचायती, पुढे चाकण नगरपरिषद, तळेगाव रस्त्याला वळलं की पुन्हा ग्रामपंचायती. पोलीस आयुक्तालय मात्र दोन्हीकडे एकच, २०१८ साली सुरू झालेलं. पण विनामास्क माणसाला थांबवून ५०० रुपयांची पावती फाडणारी महापालिकेची पथकं आपल्या हद्दीपुरती. जून २०२१ मध्ये राज्याने निर्बंधांचे पाच स्तर केले, तेव्हाही महापालिका हा एक घटक आणि उरलेला जिल्हा दुसरा. दुकान किती वाजता बंद होणार, लग्नाला किती माणसं चालणार, हे नदीच्या कुठल्या काठाला तुम्ही उभे आहात त्यावर ठरायचं.

याहून विचित्र प्रकार एप्रिल २०२० मध्ये झाला. केंद्राच्या १५ एप्रिलच्या आदेशाने ग्रामीण भागातले उद्योग २० तारखेपासून सुरू करायला वाट मोकळी झाली. चाकण पट्टा कागदावर ग्रामीण. पण त्या कारखान्यांत काम करणारी निम्मीअधिक माणसं नदीच्या अलीकडे, बंद शहरात. कारखान्याला परवानगी आणि कामगाराला मनाई. माणसांची सोय आवारातच करा किंवा कंपनीच्या गाडीने आणा, अशी अट होती. आमचा पहिला भोंगा मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात वाजला. ५० सीटच्या बसमध्ये २४ माणसं, एका बाकावर एक. चिंचवडच्या चापेकर चौकातून साडेपाचला निघायचं. पिंपरी, नाशिक फाटा, भोसरी, मोशी, मग पूल. दारात प्रत्येकाच्या कपाळाला गन लावायची, मास्क बघायचा, मगच वर घ्यायचं. हे काम माझ्याकडे आलं आणि त्यामुळे एकाच रस्त्यावरची पाच वेगवेगळी गावं मला रोज दिसू लागली.

चिंचवडला चढणारे बहुतेक कायम नोकरीतले. क्वालिटीतले इंजिनिअर, स्टोअर्सचे, अकाउंट्सचे. त्यांच्या तोंडावर एन-९५, त्यावर आणखी एक कापडी, खिशात सॅनिटायझरची बाटली. त्यांच्या सोसायट्यांनी गेटवर फलक लावले होते: धुणीभांडी करणाऱ्या बायकांना प्रवेश बंद, पार्सल गेटवरच. पिंपरीला चढणारे दोघं-तिघं बाजारपेठेच्या मागे राहायचे. तिथले दुकानदार सम-विषम तारखांच्या फेऱ्यात सापडलेले. एक बाजू आज उघडी, दुसरी उद्या. त्यांना आजारापेक्षा दुकानाला लागणाऱ्या सीलची धास्ती जास्त होती, म्हणून गल्ल्यावर मास्क कडक आणि मागच्या गोडाऊनमध्ये सैल. भोसरीला चढणारी पोरं लातूर, नांदेड, बीडची, चाळीत राहणारी. त्यांच्यातल्या एकाने मला एक गोष्ट सांगितली ती मी विसरलो नाही. चाळीत दिवसभर कुणी मास्क लावत नाही, तो म्हणाला, पण सकाळी संडासच्या रांगेत बायामाणसं पदराने, रुमालाने, जे हाताला लागेल त्याने तोंड आवळून उभी असतात. २० खोल्यांना चार संडास. धोका नेमका कुठे आहे हे त्या बायकांनी कुणी न सांगता ओळखलं होतं.

पुलापलीकडे गावं. पहिल्या लॉकडाऊनमध्ये या गावांनी वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या, कुठे ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी लावली होती. ‘बाहेरच्यांना प्रवेश बंद’ असे फ्लेक्स. पण आमच्या पट्ट्यात गाव म्हणजे काय? जमिनी एमआयडीसीत गेल्या, उरलेल्या तुकड्यावर शेतकऱ्याने रूमा काढल्या, त्या रूमांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, विदर्भ, खानदेश. ज्यांच्या भाड्यावर घर चालतं तेच बाहेरचे. मी तेव्हा एका घरमालकाकडे आमच्या मुलांच्या चौकशीला गेलो होतो. पारावर चार-पाच वयस्कर माणसं टेकून बसली होती, कुणाच्याच तोंडाला काही नाही. तेवढ्यात एक भाडेकरू पोरगा पाण्याची कॅन घेऊन समोरून गेला. पाचही जणांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं. पोरगा गेला, टोकं खाली आली.

मी मनात म्हटलं, किती अडाणीपणा. पण त्याच आठवड्यात माझ्याच सोसायटीत, गच्चीवर, बारा कुटुंबं मिळून चहा प्यायली. सगळे लसीच्या बातम्यांवर बोलत होते आणि मास्क सगळ्यांचे खिशात. खाली गेटवर वॉचमन मात्र उन्हात मास्क लावून उभा. आपल्या माणसात कसला मास्क, ही एकच समजूत चापेकर चौकापासून म्हाळुंग्यापर्यंत सगळीकडे होती. आपली माणसं कोण, एवढाच फरक.

भोसरीला चढणारा एक वेल्डर होता. मुसलमान. मार्चअखेर दिल्लीच्या तबलिगी मेळाव्याच्या बातम्या आल्यापासून लोक त्याच्याशी जपून बोलत. बस सुरू झाली तेव्हा एका बाकावर एक असाच नियम असल्याने त्याच्या शेजारची रिकामी जागा डोळ्यावर आली नाही. नियमाने ते झाकून टाकलं. पण कँटीनमध्ये तो स्वतःची बाटली, स्वतःचा पेला घेऊन कोपऱ्यात बसायचा आणि कुणी त्याला बोलवायचं नाही. मीही नाही. संपूर्ण बसमध्ये मास्कच्या बाबतीत तो सगळ्यांत काटेकोर होता. पुलावर, ऊन असो, पाऊस असो, त्याचा हात कधी हनुवटीकडे गेला नाही. मी एकदा कौतुकाने तसं बोललो. तो म्हणाला, “साहेब, तुमचा मास्क खाली आला तर तुमचा एकट्याचा येतो. माझा आला तर सगळ्या मोहल्ल्याचा येईल.” त्यावर मला काही बोलता आलं नाही. आज लिहितानाही मला लाज वाटते ती कँटीनमधल्या त्या टेबलाची. उठून त्याच्यासमोर ताट घेऊन बसायला मला कुठल्या आदेशाची गरज नव्हती.

आता ज्या सकाळने मला खरं काम शिकवलं ती सांगतो. जुलै २०२०. पिंपरी-चिंचवड आणि पुण्यात १३ ते २३ जुलै पुन्हा कडक बंद होता, त्याच्या अलीकडचा आठवडा. आकडे रोज वाढत होते आणि मी सगळ्यांवर ओरडत होतो. कुरुळीच्या थांब्यावर एक पोरगा चढायला आला. झारखंडचा, विशीतला, ठेकेदाराकडचा हेल्पर. तोंडाला गमछा गुंडाळलेला. गमछा चालणार नाही असा माझाच नियम होता, आणि त्याला कारण होतं: ड्रिलिंग मशीनच्या फिरत्या स्पिंडलमध्ये सैल कापडाचं टोक गेलं तर मान सोडवायला वेळ मिळत नाही. सरकारच्या नियमात रुमाल-गमछा चालत होता, आमच्या गेटवर नाही. मी त्याला विचारलं, कंपनीचा मास्क कुठे आहे. तो गप्प. आदल्या दिवशीही त्याने हेच केलं होतं. मी त्याला खाली उतरवलं आणि बस पुढे घेतली.

त्या दिवसाची त्याची हजेरी गेली. तेवढंच असतं तर मी विसरलो असतो. पण ठेकेदाराकडे महिनाभर खाडा न करणाऱ्याला हजेरी बोनस मिळायचा. तो एक दिवस गेला आणि महिन्याचा बोनस गेला. हे मला चार दिवसांनी कळलं. सुपरवायझरने सांगितलं म्हणून मी त्याच्या रूमवर गेलो. दहा बाय बाराची खोली, पत्र्याचं छप्पर, आत आठ जण. चार फर्स्ट शिफ्टचे, चार सेकंडचे. अंथरुणं चार. एक उठला की दुसरा त्याच जागी झोपणार. भिंतीला ओढलेल्या दोरीवर, पावसाळी हवेत न वाळलेले, चार निळे कापडी मास्क लटकत होते.

कायम कामगारांना आम्ही मास्क दिले होते, प्रत्येकी पाच. ठेकेदाराच्या माणसांना ठेकेदार देईल असं कागदावर ठरलं होतं. ठेकेदाराने एका माणसाला एक याप्रमाणे दिले, पण या मुलांची भरती नंतरची, तेव्हा तेही संपलेले. मग या आठ जणांनी अंथरुणासारखेच मास्कही पाळ्यांत वाटून घेतले. फर्स्टवाला परत आला की मास्क धुवायचा, सेकंडवाला तोच ओला मास्क घालून निघायचा. त्या दोन दिवशी त्याचा जोडीदार डबल ड्यूटीला थांबला होता आणि मास्क त्याच्याबरोबर कंपनीतच होता. म्हणून गमछा.

दोघांचा श्वास एका कापडातून जात होता आणि मी त्याला बेशिस्त म्हणून उतरवलं होतं. खोलीत मला बसायला बादली उलटी करून दिली. त्या मुलाने चहा करून दिला. मी तोंडावरचा मास्क काढून चहा प्यावा की न प्यावा या विचारात क्षणभर थांबलो आणि ते सगळ्यांनी पाहिलं. मी प्यायलो.

त्यानंतर मी माझ्या वहीतला एक रकाना बदलला. आधी लिहायचो: नाव, तारीख, चूक. आता लिहू लागलो: नाव, तारीख, कारण. कारण विचारायचं म्हणजे समोरच्याला बोलू द्यायचं, आणि ते पहिले काही आठवडे मला जड गेलं. इतकी वर्षं मी उत्तरं देणारा माणूस होतो.

कारणांच्या रकान्याने सगळ्यांत आधी प्रेस शॉप सोडवून दिला. महिन्यात मास्कसाठी दिलेल्या ताकिदींपैकी बहुतेक तिथल्या असायच्या. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की हे लोक मुळातच बेफिकीर. एका ऑपरेटरला विचारलं तर तो म्हणाला, “साहेब, तोंड दिसल्याशिवाय ऐकू येत नाही.” प्रेस चालू असताना तिथे आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, कानात प्लग असतात. ही माणसं वर्षानुवर्षं एकमेकांचे ओठ वाचून काम करत आली होती. डाय बसली का, हात काढला का, दाबू का, हे सगळं ओठांवर. मास्क लावला की ते मुके आणि बहिरे व्हायचे, आणि प्रेसवर एका चुकीच्या इशाऱ्याला चार बोटं जातात. जो हात मास्क खाली ओढत होता तो जोडीदाराची बोटं वाचवत होता. आम्ही त्यांच्याच हातखुणा कागदावर काढून पक्क्या केल्या, दोन नव्या घातल्या, प्रत्येक प्रेसला दिवा बसवला. ताकिदी जवळपास थांबल्या. पेंट शॉपच्या बाहेर गॉगलवर वाफ धरायची, तिथे नाकाची तार असलेला मास्क दिला की काम झालं. असली कारणं छोटी असतात, पण विचारल्याशिवाय वर येत नाहीत.

तापाचं मात्र छोटं नव्हतं. माझ्या गनमध्ये महिनोन् महिने कुणालाच ताप नव्हता. मी तो तक्ता अभिमानाने मिटिंगमध्ये दाखवायचो. एके दिवशी ड्रायव्हरने बस धुताना सीटखालून सापडलेल्या पॅरासिटामॉलच्या रिकाम्या पट्ट्या माझ्यासमोर धरल्या. मूठभर. सकाळी गोळी घ्यायची, तासाभराने बसला यायचं, कपाळ गार. ताप सांगितला तर १४ दिवस घरी, आणि ठेकेदाराच्या माणसाला घरी म्हणजे बिनपगारी; शिवाय घरमालकाला कळलं तर खोलीही जाणार. चिंचवडच्या इंजिनिअरला ताप आला तर तो वेगळ्या बेडरूममध्ये जाऊन लॅपटॉप उघडत होता. त्याच्यासाठी नियम पाळणं म्हणजे दार लावून घेणं. या मुलांसाठी तोच नियम म्हणजे एका फटक्यात पगार, खोली आणि गावाला जाणारे पैसे.

मी त्या पट्ट्या पाकिटात घालून प्लँट हेडच्या टेबलावर ठेवल्या. तीन आठवडे वाद चालला. खर्च कुणी करायचा, कंपनीने की ठेकेदाराने, हाच मुद्दा. शेवटी ठरलं: ताप सांगणाऱ्याला विलगीकरणाच्या दिवसांचा पगार, आणि आवारातल्या ट्रेनिंग हॉलमध्ये राहायची सोय. पुढच्या महिन्यात ११ जणांनी स्वतःहून येऊन सांगितलं की बरं वाटत नाही. माझा तक्ता बिघडला. माझ्या नोकरीतला तो सगळ्यांत चांगला तक्ता होता.

आता माझी स्वतःची चूक. सप्टेंबर २०२० मध्ये माझ्या काकांचा दहावा होता. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम नुकतीच सुरू झाली होती, घरोघर ऑक्सिमीटर घेऊन पथकं फिरत होती. नदीकाठी आम्ही ४०-५० माणसं जमलो. सगळी घरची. भाऊ गळ्यात पडून रडला, मी मास्क खाली केला, कारण रडणाऱ्या भावाला मास्कमधून काय धीर द्यायचा? नंतर एका पंगतीत जेवलो. बसमध्ये दोन वर्षं ज्याची पावती फाटली नाही असा मी माणूस, आणि त्या दुपारी पाच तास माझं तोंड उघडं होतं. सहाव्या दिवशी मला ताप, आठव्या दिवशी आईला. मला फार काही झालं नाही. आई नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर मैदानावर उभारलेल्या जम्बो रुग्णालयात नऊ दिवस ऑक्सिजनवर होती. आत जाता येत नव्हतं. पत्र्याच्या कुंपणाबाहेर उभा राहून मी फोनवर तिच्या श्वासांची लय ऐकायचो. ती परत आली. त्याच दहाव्याला आलेली माझी एक आत्या परत आली नाही.

त्या दिवसांत मला २०१७ च्या सुमाराचा एक जपानी इंजिनिअर वारंवार आठवायचा. नवी मशीन बसवायला आमच्याकडे आला होता. एके सकाळी तो पांढरा मास्क लावून लाइनवर आला. पोरांना राग आला. त्यांना वाटलं, याला आपल्या घामाचा वास सहन होत नाही. कुजबुज वाढली तेव्हा दुभाष्याने विचारलं. तो माणूस संकोचून म्हणाला, मला कालपासून सर्दी आहे, तुम्हाला होऊ नये म्हणून लावलाय. आम्ही सगळे हसलो होतो, सर्दीसाठी एवढं? आमच्या बसमध्ये मात्र प्रत्येक जण दुसऱ्यापासून वाचायला मास्क लावत होता. साध्या कापडाचा मास्क मुळात त्याच्या उलट कामाचा: लावणाऱ्याच्या तोंडातून उडणारे तुषार तो अडवतो, बाहेरून येणारे कमी. आपण लावायचा तो समोरच्यासाठी. हे आपल्याकडे नवीनही नाही. चिंचवडमध्ये चातुर्मासाला येणारे स्थानकवासी जैन साधू तोंडावर मुहपत्ती बांधतात, ती आपल्या श्वासाने हवेतल्या जिवाला इजा होऊ नये म्हणून. मी ती लहानपणापासून पाहत आलो आणि कधी विचार केला नाही. दहाव्याला मी माझ्या भावाकडून मला काही होईल का एवढंच पाहिलं आणि होणार नाही असं ठरवलं. माझ्याकडून आईला काय होईल, हा प्रश्न मनात आलाच नाही.

बस सुटायची तो चौक चापेकरांचा. बंधूंचा पुतळा तिथेच आहे, वाडा चिंचवडगावात. साडेपाचच्या अंधारात बसची वाट पाहताना मी त्या पुतळ्याकडे बघत बसायचो. ज्या साथरोग कायद्याखाली मार्च २०२० मध्ये राज्याने आदेश काढायला सुरुवात केली तो १८९७ सालचा, प्लेगच्या साथीत केलेला. त्याच साली पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरात घुसून झडत्या घेत, माणसं ओढून छावणीत नेत, सामान रस्त्यावर टाकत. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच साथीत, त्याच वर्षी १० मार्चला, रोग्यांची सेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. लोक प्लेगला घाबरत होते, तसेच प्लेगच्या बंदोबस्तालाही. आपल्याकडे २०२० मध्ये सोजीर नव्हते, आणि मी तशी तुलना करणार नाही. पण एका सकाळी त्याच चौकात पथकाने एका भाजीवाल्या मावशींना थांबवलं. तोंडाला पदर होता, मास्क नव्हता. टोपलीत ५०० रुपयांची भाजी नसेल. त्या हात जोडत होत्या. मला कुरुळीचा थांबा आठवला. माझ्या हातात कायदा नव्हता, फक्त बसचं दार होतं, आणि ते मी तसंच वापरलं होतं. मी खाली उतरून बॅगेतला मास्क मावशींना दिला, पथकातल्या मुलाशी बोललो. तो ऐकणारा निघाला. त्याच्या चेहऱ्यावर झोप नव्हती. त्यालाही रोजचा कोटा असावा असं वाटलं.

पुण्याकडच्या मुलींबद्दल लिहायलाच हवं. आमच्या असेंब्लीला ३०-३५ मुली आहेत, बहुतेक स्कूटीने येणाऱ्या. डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये गुंडाळायची सवय त्यांना शाळेपासून. धूर, ऊन, ओळखीचे लोक, सगळ्यांपासून बचाव. त्यांना मास्क शिकवावा लागला नाही. उलट असेंब्लीच्या बायकांनीच दिवाळीआधी कापड आणून, दोन पदरी, कानाला न काचणारे मास्क शिवले आणि कुरुळीच्या रूमांवर वाटले. झारखंडच्या त्या पोराला दोन मिळाले. त्याने मला दाखवले.

दुसरी लाट आली तेव्हा मास्कबद्दल काही सांगण्याची वेळच आली नाही. मार्च-एप्रिल २०२१. आमच्या गॅस कटिंगच्या मागे ऑक्सिजनचे उभे सिलिंडर असतात, सात घनमीटरचे. एप्रिलमध्ये उद्योगांचा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला गेला. एका दुपारी टेम्पो आला आणि कटिंगच्या पोरांनीच ते सिलिंडर उचलून चढवले. भरलेले होते ते भरलेले, रिकामे होते ते भरायला. ज्या हवेने आपण लोखंड कापतो ती माणसाच्या नाकात लागणार आहे, हे त्यांना उचलताना कळलं. कटिंगची मशीन झाकून ठेवली. त्या आठवड्यात बस इंद्रायणीच्या पुलावरून गेली तेव्हा एकही हात हनुवटीकडे गेला नाही. गावांच्या पारावरही तोंडं झाकलेली दिसत होती, कारण आता प्रत्येक आळीत कुणी ना कुणी गेलं होतं. ‘आपली माणसं’ सुरक्षित असतात हा समज त्या एका महिन्याने मोडून काढला. जूनमध्ये आकडे उतरले आणि पुलावर खिडक्या पुन्हा उघडू लागल्या.

मग लस आली, हळूहळू सगळ्यांना मिळाली. त्यातही पुलाच्या दोन बाजू होत्याच: शहरातला माणूस मोबाइलवर जागा पकडून गावच्या केंद्रावर यायचा आणि गावातला म्हातारा रांगेतून परत जायचा. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

राज्याने सगळे निर्बंध उठवले ते २ एप्रिल २०२२ पासून, गुढीपाडव्याला. सोमवारी, ४ तारखेला, बस पुन्हा ५० जणांची भरली. गन मी ऑफिसात ठेवून आलो होतो. चापेकर चौकात, पिंपरीला, भोसरीला सगळे चेहरे उघडे. दोन वर्षं ज्यांचे फक्त डोळे ओळखत होतो त्यांच्या मिश्या, दात, हनुवटीवरचे तीळ नव्याने बघत होतो. वेल्डर चढला, दाढी पांढरी झालेली. त्याच्या शेजारी लातूरचा एक पोरगा बसला आणि लगेच त्याच्या खांद्यावर झोपला.

मामा मात्र मास्क लावून बसले होते. मोशी गेली, पूल आला, पुलाच्या मध्यावर मी मागे वळून पाहिलं. कुणाचाच हात हलला नाही, कारण खाली करायला काही नव्हतं. मामांचा मास्क नाकावर तसाच.

मी उठून त्यांच्याजवळ गेलो. “मामा, आता सक्ती नाही.”

“ठाव आहे.” त्यांनी मास्क जरा सैल करून सांगितलं. पंचवीस वर्षं रोज सकाळी त्यांना काळा बेडका पडायचा. ग्राइंडिंगला आहे तर पडणारच, असं सगळे म्हणायचे. या दोन वर्षांत दंडाच्या भीतीने मास्क लावला आणि कधीतरी लक्षात आलं की सकाळी थुंकी पांढरी येते. आधी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मग शेजारच्या ग्राइंडरला विचारलं, तर त्याचंही तेच.

“मग इतकी वर्षं मी सांगत होतो तेव्हा?”

“तवा तुमी आमालाच सांगत व्हता. साहेब लोक ग्राइंडिंगला आले की दाराशीच थांबायचे, आत आलेच तर नाकाला रुमाल. करोनात पैल्यांदा सगळ्यांनी लावला. मॅनेजरनं बी.”

बस चिंबळीच्या पुढे गेली होती. मामांनी हळूच विचारलं की आता सक्ती उठली म्हणजे स्टोअर्समधून मास्क मिळायचेही बंद होणार का. ठेकेदाराचा माणूस तसं म्हणत होता. एका मास्कला बाहेर किती पडतात ते त्यांनी विचारून ठेवलं होतं.

मी खिशातली वही काढली आणि त्यांच्याच बाकावर बसून लिहिलं: ग्राइंडिंग आणि फेटलिंग, १८ माणसं, कायम आणि ठेकेदाराचे सगळे धरून, रोज प्रत्येकी एक. मामांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, “एकोणीस करा. गेल्या सोमवारपास्नं एक नवीन पोरगं आलंय.”